रि: पालकांची सहल – मंगळवार (पोळ्या कोण आणतंय?)

प्रेषक: सचिव
मंडळी, मंगळवारी सोलचा ग्योंगबोकगुंग राजवाडा नक्की. ९.३० ला मेट्रोची तीन नंबर लाइन, पाच नंबर एक्झिट. १० ला पहारा बदलतात, तो चुकवायचा नाही. नामी बेटाच्या सहलीला काय झालं ते आठवा. पुरणपोळ्या कोण आणतंय?

प्रेषक: माई, बुंदांग
मंगळवारी तो वाडा बंद असतो हो. चांगदोक, चांगग्योंग, दोकसू हे वाडे सोमवारी, हा एकटा मंगळवारी.

प्रेषक: सचिव
हे मतदानाच्या वेळी का नाही सांगितलंत? बुधवारी नऊ जणांना जमत नाही आणि गुरुवारी तिघांच्या आईबाबांचं विमान. मग चांगदोकगुंगला जाऊ. मागची बाग, हूवॉन, जास्त सुंदर आहे म्हणतात.

प्रेषक: माई, बुंदांग
म्हणतात काय, सासूबाईंना घेऊन गेले होते मी. बागेचं तिकीट वेगळं, ५,००० वॉन, वाड्याचे ३,००० निराळे. ऑनलाइन सहा दिवस आधी सकाळी १० ला सुटतं आणि पानं लाल झाली की बघता बघता संपतं. आज शुक्रवार, म्हणजे ते गेलंच. शिवाय दीड तासाची चढउतार. सासूबाईंनी बुयोंगजी तळ्यापाशी बैठक मारली, "मी इथंच बरी." गाइड बिचारी घड्याळ बघत उभी.

प्रेषक: सुवॉनची नवी मेंबर
नमस्कार, कोरियन हानबोक घातला तर फुकट सोडतात ना? मग आईंनी नऊवारी नेसली तर? तोही पारंपरिक पोशाखच.

प्रेषक: अण्णा
नऊवारी चालत नाही. आमच्या हिने नेसून पाहिली. खिडकीवरच्या मुलीने कौतुकाने फोटो काढला आणि ३,००० घेतले. हानबोकाचं भाडंच तिकिटाच्या कितीतरी पट, त्यात फुकट कसलं? हूवॉनचे पैसे तरीही पडतातच.
आणि लिहायचंच तर ग्योंगबोकगुंग नव्हे, क्योंगबोक्कुंग लिहा. मी ९४ ला आलो तेव्हा त्याच्या पुढ्यात जपानी अमलातली दगडी कचेरी उभी होती, मागचा वाडा दिसायचाच नाही. ९५ च्या १५ ऑगस्टला तिचा कळस उतरवला. यांचाही स्वातंत्र्यदिन तोच. जुन्या दहा हजारच्या नोटेवर याच वाड्यातला तळ्यातला मंडप होता, माझ्याकडे एक आहे अजून.

प्रेषक: सचिव
अण्णा, उच्चारांसाठी वेगळा धागा काढा.

प्रेषक: अण्णा
काढला होता. तुम्ही तेव्हा मंडळात नव्हतात.

प्रेषक: सुवॉनची नवी मेंबर
नोट सहलीला आणाल का? बाबांना नाणी-नोटांचा नाद आहे.

प्रेषक: सचिव
ठरवू या. मंगळवार, चांगदोकगुंग, आन्गुक स्टेशन, तीन नंबर एक्झिट. वाड्याचा पुढचा भाग सगळ्यांनी बघायचा. बागेची काही तिकिटं त्या दिवशी खिडकीवर मिळतात, कुणीतरी लवकर जाऊन रांग धरावी. माई?

प्रेषक: माई, बुंदांग
सहल समितीत मला घेतलं नव्हतं, हे नोंदवून ठेवते. रांगेत उभी राहीन. पण बागेत कोण चढणार त्यांचा आकडा सोमवारी रात्रीपर्यंत हवा, खिडकीवर मोजत बसणार नाही. आणि पोळ्या सांज्याच्या आणतेय. पुरणाचं कुणी विचारू नका, इथे हरभरा डाळ आणायला इतेवॉनला जावं लागतं.