छाती न उघडता हृदयावर उपचार: या शाखेत जावं का?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. मेडिसिनचं शिक्षण संपत आलंय, हृदयरोगाकडे जायचं पक्कं आहे. पण कॅथलॅब (जिथे धमनीतून बारीक नळ्या घालून हृदयावर उपचार करतात) धरू की इकोकडे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीकडे वळू, तेच ठरत नाहीये. परवा एका आजोबांची महाधमनीची झडप मांडीतल्या धमनीतून बसवताना पाहिली. झडप उघडायच्या आधी पेसिंगने, म्हणजे विजेच्या बारीक ठोक्यांनी, हृदय इतकं जलद पळवलं की मॉनिटरवरची रक्तदाबाची रेघ जवळपास सपाट झाली. काही सेकंदच, पण माझाच श्वास अडकला. मग रेघ उसळली. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. अनुभवी लोकांनी मनापासून सांगा.

वायरवाला
ताई, नक्की या. वीस वर्षं हेच करतोय. हात सरावाने बसतो; थांबायचं कुठे, हे शिकायला जास्त वेळ लागतो. पहिल्या वर्षी धमनीतून वाट काढणारी बारीक तार, म्हणजे वायर, अडली आणि मी ती जराशी रेटली. धमनीला भोक पडलं आणि हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचू लागलं. सरांनी सुई घालून ते काढलं म्हणून रुग्ण वाचला. आजही वायर अडली की मी आधी मागे घेतो.

शिकायला जाल तिथे गुरू पारखून घ्या. किती केसेस होतात एवढंच विचारू नका, गुंतागुंत झालेल्या केसवर सगळ्यांसमोर चर्चा होते का तेही विचारा. फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ आलाँ क्रिबिये यांनी 1985 मध्ये फुग्याने महाधमनीची झडप रुंद केली, पण अशा झडपा पुन्हा अरुंद व्हायच्या. त्यांनी ते मान्य केलं आणि त्यावरच काम करत राहिले. कॅथेटरमधून, म्हणजे धमनीत घालायच्या बारीक नळीतून, पहिली झडप बसवली ती 2002 मध्ये, फ्रान्समधल्या रुआँ शहरात. इतका धीर लागतो.

शिशाचा एप्रन
वरच्यांशी सहमत. पण शरीराचं आत्ताच बघा. एप्रन दोन भागांचा घ्या, म्हणजे कंबरेवरही भार विभागला जातो, सगळा खांद्यांवर येत नाही. शिशाचा चष्मा पहिल्या दिवसापासून लावा, किरणांनी मोतीबिंदू होतो. अंगावर किती किरणं आली ते मोजणारा डोसिमीटर लावायला विसरू नका. माझी पाठ गेली ती या गोष्टी उशिरा कळल्यामुळे.

रात्रपाळी
खूप आभार. म्हणजे इकोचा विचार सोडूनच देऊ?

टाकेवाली
अजिबात नको! मी सर्जन आहे. गळणाऱ्या मायट्रल झडपेला क्लिप लावताना अन्ननलिकेतून इको करणारी व्यक्तीच वाट दाखवते: सुई हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या कुठल्या भागातून न्यायची, क्लिपमध्ये झडपेची दोन्ही पानं आली की नाही. ती नसेल तर कॅथेटर धरणारा आंधळा. इको पक्की शिका, मग कॅथलॅबमध्ये या. आणि काही महिने आमच्या ऑपरेशन थिएटरमध्येही उभ्या राहा. चुन्याने दगडासारखी झालेली झडप एकदा हाताने कापून काढलेली पाहिलीत, की सीटी स्कॅनवरचा त्या चुन्याचा पांढरा ठिपका वेगळाच दिसू लागतो.

रात्रपाळी
सोमवारी थिएटरच्या प्रमुखांना विचारते.