मदत हवी आहे: लुशिया हॅरिसवरच्या माहितीपटाची मराठी उपशीर्षकं

अमेरिकी बास्केटबॉलपटू लुशिया हॅरिसवरच्या 'द क्वीन ऑफ बास्केटबॉल' या २२ मिनिटांच्या माहितीपटाला (२०२२चा ऑस्कर) मराठी उपशीर्षकं करायची आहेत. प्रेक्षक आठवी-नववीच्या, बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली. परवानगीचं काम वेगळं चालू आहे.

मुख्य अडचण भाषेची. १९७७ साली न्यू ऑर्लीन्स जॅझ या पुरुषांच्या संघाने लुशियाला सातव्या फेरीत 'ड्राफ्ट' केलं. ड्राफ्ट म्हणजे संघांनी आळीपाळीने नव्या खेळाडूंवर हक्क सांगायचा, पण हे दोन ओळींत मावत नाही. नुसतं 'निवड' लिहिलं तर ती त्या संघातून खेळली असं वाटतं. ती गरोदर होती, चाचणीलाही गेली नाही. 'ड्राफ्ट' तसंच ठेवून सुरुवातीला एक खुलासापाटी द्यावी का? रिबाउंड, सेंटर हे शब्द मुली मैदानावर वापरतातच, ते तसेच ठेवतोय. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलची पहिली बास्केट तिची. तिथे 'गुण' नको, 'बास्केट'च हवं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण तांत्रिक. फाइल एसआरटी (उपशीर्षकांची साधी मजकूर-फाइल), यूटीएफ-८ या युनिकोड रूपात सेव्ह केलेली, फाँट मुक्ता. संगणकावर ठीक दिसते. पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावली की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. टीव्हीचा प्लेअर देवनागरी नीट जुळवत नसावा. त्यामुळे अक्षरं चित्रातच पक्की करायची आहेत. त्यासाठी कोणतं व्हिडिओ सॉफ्टवेअर बरं, हँडब्रेक की एफएफएमपेग? १०८० पिक्सेल उंचीच्या चित्राला फाँट किती मोठा ठेवता? लुशियाचा चेहरा बराच वेळ पडदाभर असतो, हनुवटीवर अक्षरं यायला नकोत.