कोचच्या नावाने हायस्कूल रग्बीच्या मुलांसाठी स्कॉलरशिप सुरू करायचीये, कशी करावी?

ओहायोची_आई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज. आम्ही अमेरिकेत, ओहायोच्या कोलंबसजवळ राहतो, मुलगा हायस्कूलला आहे आणि रग्बी खेळतो, प्रॉप आहे (पुढच्या फळीत ढकलणारा). इथे रग्बी बहुतेक ठिकाणी शाळेचा खेळ नसतोच, क्लब असतो आणि तो आईबाप आणि कोच यांच्या जिवावर चालतो. आमचे हेड कोच या हिवाळ्यात अचानक गेले. हार्ट अटॅक. एक डॉलर न घेता इतकी वर्षं पोरांना शिकवत होते. त्यांच्या गाडीच्या डिकीत जुन्या क्लीट्सचा (खेळायच्या खिळ्यांच्या बुटांचा) मोठा खोका असायचा, प्रत्येक जोडीच्या तळव्यावर मार्करने साइज लिहिलेला, आणि एखादा नवीन मुलगा साध्या स्नीकर्सवर प्रॅक्टिसला आला की त्याला बाकीच्यांसमोर काही न बोलता गाडीकडे घेऊन जायचे, पोरगं परत यायचं ते क्लीट्स घालूनच. माझ्या मुलाचा पहिला जोड त्याच खोक्यातला.

आता पालकांनी आणि जुन्या खेळाडूंनी मिळून २२,००० डॉलर्स जमवलेत, दरवर्षी एका सीनियरला (हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला) कॉलेजसाठी स्कॉलरशिप द्यायची असं ठरतंय. पैसे सध्या एका पालकाच्या खात्यात आहेत. काही जण म्हणतायत स्वतःची नॉन-प्रॉफिट काढू, काही म्हणतात कशाला ती झंझट. आणि सगळ्यात मोठा वाद म्हणजे द्यायची कोणाला. दोन-तीन बाबा लोकांचं ठाम मत आहे की सीझनचा बेस्ट प्लेयर, सगळ्यात जास्त ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवून पॉइंट्स) मारणारा. मला ते पटत नाहीये पण बदल्यात काय निकष लावायचा ते नीट मांडता येत नाहीये. कोणी असं काम केलंय का?

हिशेबनीस

ताई, वाचून वाईट वाटलं. मी इथे टॅक्सचं काम करतो म्हणून पैशांचं बोलतो, निवडीचं दुसरं कोणी सांगेल.

पहिलं म्हणजे ते पैसे पर्सनल खात्यातून लवकर बाहेर काढा, त्या पालकाच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही पण उद्या त्यांच्या घरी काही झालं, घटस्फोट, आजारपण काहीही, तर हा फंड त्यांच्या मालमत्तेत अडकतो. शिवाय तसे दिलेले पैसे देणाऱ्याला टॅक्समध्ये दाखवता येत नाहीत, ते कायद्याच्या दृष्टीने नुसती भेट. ज्यांना रिसीट हवीये त्यांना यापुढचे पैसे थेट संस्थेला द्यायला सांगा.

स्वतःची ५०१(सी)(३), म्हणजे टॅक्समाफी असलेली नॉन-प्रॉफिट, काढणं अशक्य नाही, छोट्या संस्थेसाठी १०२३-ईझेड फॉर्म आहे, फी २७५ डॉलर्स. पण पुढे बोर्ड, दरवर्षीचं फाइलिंग, राज्याचं रजिस्ट्रेशन, आणि आयआरएसच्या (टॅक्स खात्याच्या) लेखी तुम्ही प्रायव्हेट फाउंडेशन (थोड्याच लोकांच्या पैशावर चालणारी संस्था) ठरलात तर स्कॉलरशिप देण्याची पद्धतसुद्धा आधी मंजूर करून घ्यावी लागते. पाच वर्षांनी तुमची पोरं कॉलेजात, तुम्ही दमलेले, कोण बघणार हे? २२ हजारासाठी माझं मत स्पष्ट आहे, तुमच्या भागातल्या कम्युनिटी फाउंडेशनकडे (लोकांचे असे फंड सांभाळणारी स्थानिक संस्था) जा आणि तिथे स्कॉलरशिप फंड उघडा. ते थोडी वार्षिक फी घेतात पण अर्ज, चेक, फाइलिंग सगळं त्यांच्याकडे. त्यांना किमान रक्कम किती लागते ते आधी विचारा, प्रत्येकाचं वेगळं असतं. डोनर अॅडव्हाइज्ड फंड असं नाव असलेलं खातं, ज्यातून देणगीदाराच्या सल्ल्याने संस्थांना पैसे दिले जातात, ते मात्र उघडू नका, त्यातून थेट एखाद्या मुलाला पैसे देता येत नाहीत.

एक गोष्ट कोचच्या घरच्यांना आणि पैसे देणाऱ्यांना आधीच समजावून सांगा. निवड समिती फाउंडेशन नेमणार, पैसे देणारे किंवा कोचच्या घरचे त्यात बसू शकतात पण निर्णय त्यांच्या हातात असा नको. आणि देणगीदाराने "हे पैसे अमक्या मुलाला द्या" म्हटलं की ती देणगी राहत नाही.

निवडसमितीत_आहे

मी आमच्या गावातल्या एका मेमोरियल स्कॉलरशिपच्या समितीवर बरीच वर्षं आहे (खेळ वेगळा पण प्रश्न तेच), म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी हिशेब बघा. फंड कायम टिकवायचा असेल तर वर्षाला साधारण चार टक्केच काढता येतात, म्हणजे २२ हजारावर ८८० डॉलर्स, आणि त्यातून फी जाणार. तेच जर ठरवलं की दरवर्षी २,००० द्यायचे आणि संपेल तेव्हा संपेल, तर दहा-अकरा वर्षं चालतो. सगळ्यांना "कायमस्वरूपी" हा शब्द आवडतो पण मी तुमच्या जागी असते तर दुसरा मार्ग धरला असता. पुढच्या दहा वर्षांत जी मुलं येतील त्यांना शिकवणारे कोच हे तुमच्या कोचच्या हाताखाली तयार झालेले असतील, आठवण जिवंत आहे तोवर पैसे मुलांच्या हातात पडू देत. नंतर कोणी भर घातली तर चालूच राहील.

आता निकष. जास्त ट्राय मारणाऱ्याला देऊ नका हो. ट्राय बहुतेक वेळा विंगवाल्याच्या (मैदानाच्या कडेने पळणाऱ्याच्या) नावावर लागतो, पण बॉल तिथवर आणतो कोण, स्क्रममध्ये (दोन्ही टीम घट्ट जुळून एकमेकांना ढकलतात ते) मान मोडून ढकलणारे आणि रकमध्ये (जमिनीवरच्या बॉलसाठीची झटापट) आडवे पडणारे. तुमचा मुलगा प्रॉप आहे म्हणजे तुम्हाला हे मी सांगायला नको. आणि चांगल्या खेळाडूला सीझनअखेरीस ट्रॉफी मिळतेच. कोच कशासाठी आठवतात ते तुम्हीच वर लिहिलंय, तो क्लीट्सचा खोका. मग अर्जात तेच विचारा ना, टीममधल्या नवख्या किंवा कच्च्या मुलासाठी तू काय केलंस, आणि त्याची साक्ष एका टीममेटकडून लिहून घ्या. कोचच्या पत्रापेक्षा टीममेटचं चार ओळींचं पत्र आम्हाला फार काही सांगून गेलंय, मुलं एकमेकांबद्दल खोटं कौतुक करत नाहीत.

जीपीएची (मार्कांच्या सरासरीची) अट खूप वर ठेवू नका. चार वर्षांचं कॉलेजच हवं असं पण नको, कम्युनिटी कॉलेज, ट्रेड स्कूल चालू द्या. अर्ज एका पानाचा ठेवा, ज्याला खरी गरज असते तो मुलगा शाळेनंतर कुठेतरी काम करत असतो, त्याच्याकडे तीन निबंध लिहायला वेळ नसतो.

ओहायोची_आई

टीममेटचं पत्र! हे एकदम पटलं. एक प्रश्न राहिला, कॉलेजमध्ये रग्बी खेळणारच अशी अट घालावी का? काहींचा आग्रह आहे.

जुना_फ्लँकर

काकू मी हायस्कूलला खेळायचो, आता कॉलेज क्लबकडून खेळतो. प्लीज ही अट घालू नका. मुलांचं रग्बी एनसीएएमध्ये (कॉलेजांच्या खेळांची संघटना) नाहीये, लिंडनवूडसारखी थोडी कॉलेजं रग्बीसाठी पैसे देतात पण बाकी बहुतेक ठिकाणी क्लबच, आम्ही ड्यूज (क्लबची वर्गणी) खिशातून भरतो आणि मॅचला जायला स्वतः गाडी चालवतो. ज्या मुलाने असं कॉलेज निवडलं जिथे टीमच नाही त्याने काय करायचं?

आणि दुसरं, कन्कशन. माझा एक टीममेट ज्युनियर इयरला (सीनियरच्या आदल्या वर्षी) डोक्याला मार लागून कायमचा बाहेर बसला, डॉक्टरने नाही म्हणून सांगितलं. पुढचं अख्खं वर्ष तो प्रत्येक प्रॅक्टिसला यायचा, पाणी भरायचा, नवीन पोरांना टॅकल करताना डोकं कुठे ठेवायचं ते गुडघ्यावर बसून दाखवायचा, समोरच्याच्या कमरेच्या बाजूला, पुढे आडवं कधीच नाही. त्याच्यापेक्षा ही स्कॉलरशिप कोणाला शोभली असती सांगा. त्यामुळे "सध्या खेळत असलेला" असं लिहू नका, "क्लबमध्ये किमान दोन सीझन असलेला" लिहा. नाहीतर कोणीतरी पोरगं सीनियर इयरला स्कॉलरशिप जाईल म्हणून डोकं दुखतंय हे लपवेल. रग्बीत नियमच आहे, शंका आली की बाहेर, आणि पैशांची अट त्याच्या उलट जायला नको.

मुलींची टीम आहे का तुमच्याकडे? असेल तर त्यांनाही घ्या. मुलींचं रग्बी २००२ पासून एनसीएएच्या इमर्जिंग स्पोर्ट्समध्ये (पूर्ण मान्यतेच्या वाटेवरच्या खेळांमध्ये) आहे, पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये अमेरिकेच्या मुलींनी सेव्हन्सचं (सात-सात जणींच्या रग्बीचं) ब्राँझ आणलं, तेही ऑस्ट्रेलियाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी मैदानभर धावून. अर्ज करणाऱ्या मुली कमी पडणार नाहीत.

मेरीलँडकर

वरचं सगळं बरोबर, फक्त चेक देताना एक बघा. बाहेरची स्कॉलरशिप मिळाली की मुलाला ती कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला कळवावी लागते आणि काही कॉलेजं तेवढीच स्वतःची मदत कमी करतात, म्हणजे तुमचे २,००० मुलाला न मिळता कॉलेजला मिळाल्यासारखेच. आमच्या मेरीलँड राज्याने सरकारी कॉलेजांना याला २०१७ मध्येच चाप लावला पण सगळीकडे असा कायदा नाही. म्हणून निवड झाल्यावर मुलाला आधी ऑफिसला विचारायला लावा की ग्रँटऐवजी (परत न करायच्या मदतीऐवजी) लोन किंवा वर्क-स्टडीतून (शिकताना काम करून मिळणाऱ्या पैशांतून) कमी कराल का, बरीच कॉलेजं ऐकतात. नाहीच ऐकलं तर पैसे पुढच्या वर्षावर ढकलायची मुभा तुमच्या नियमात आत्ताच लिहून ठेवा.

आणि ट्यूशन, फी, पुस्तकं यासाठी वापरले तर टॅक्स नाही, राहण्या-जेवणासाठी वापरले तर ते मुलाचं उत्पन्न धरलं जातं, हेही पत्रात एका ओळीत सांगा.

ओहायोची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. फाउंडेशनला सोमवारी फोन करते, आणि त्याआधी कोचच्या बायकोकडे जाऊन येते, कारण एवढं सगळं ठरवतोय पण कोचच्या नावाने हे करायला त्यांची हो आहे का हे आम्ही अजून नीट बसून विचारलेलंच नाही. दोन सीझनवाली अट आणि टीममेटचं पत्र, हे दोन्ही मुद्दे पालकांच्या मीटिंगमध्ये मी मांडणारच.