अनुभव धागा: बांधकाम सोडलं, भलतीकडे फिरलो आणि परत बांधकामावरच आलो

ओळंबा:
आज एका नव्या इमारतीपाशी एक पोरगा कोपऱ्याला ओळंबा लावून, एक डोळा मिटून बघत होता. दोरीला झोका बसत होता, तो त्याने बोटाच्या टोकाने हलकेच थांबवला. अगदी वडील थांबवायचे तसा. मग दिवसभर डोक्यात तेच.

वडील गवंडी. त्यांच्याच हाताखाली शिकलो. आधी वाळू चाळायची, मग माल कालवायचा, मग विटा द्यायच्या, आणि बऱ्याच काळाने थापी हातात. ऐन विशीत सोडून दिलं. टेम्पो चालवला, गोदामात नोंदी ठेवल्या, मोबाइल दुरुस्ती शिकलो, रात्रपाळीला सुरक्षारक्षक झालो. एकही काम वाईट नव्हतं. पण निघताना मागे वळून बघावं असं काही उरायचं नाही. इथे सकाळी जोत्यावर असलेली भिंत संध्याकाळी कमरेला येते.

परतलो तेव्हा चाळिशी उलटली होती. हात काही विसरले नव्हते, साइट मात्र पार बदललेली. विटा आधी पाण्यात भिजवायच्या, सांधा १० मिमीचा धरायचा हे अंगात मुरलेलं, आणि समोर एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची थप्पी. त्याला तयार चिकट माल, सांधा जेमतेम २-३ मिमी. विटांच्या कामात एखादा थर वरखाली झाला तर पुढच्या सांध्यांत सावरून घेता येतं. इथे ती सोयच नाही. म्हणून पहिल्या थराखाली जाड माल घालून तोच जिवापाड लेव्हलला आणायचा, मग पुढचं काम पळतं. गोदामातली सवयही कामी येते. सिमेंट पडून राहिलं की ताकद घटते, तेव्हा आधी आलेलं पोतं आधी फुटलं पाहिजे, आणि थप्पी भिंतीपासून लांब, फळ्यांवर. आमच्या साइटवर हे मीच बघतो.

तुमच्यापैकी कोण असं फिरून परत आलंय? किंवा घरातलं कुणी? लिहा, सवडीने.

सुतारपक्षी:
सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा आणि टेकू. परत तेच. मध्ये फर्निचरच्या कारखान्यात होतो. पंखे, उजेड, वेळेवर सुट्टी, सगळं व्यवस्थित, पण दिवसभर ड्रॉवरला कड्याच बसवायच्या. एकही सांधा स्वतःच्या हाताने काढायचा नाही. आता ॲल्युमिनियमच्या पॅनेलवर आहे, पिना आणि पाचरी ठोकतो. फळ्या कापणं संपलं. स्लॅब ओतताना खाली उभं राहून टेकूंकडे कान द्यायचं तेवढं जुनंच आहे. टेकू करकरला की वर ओरडून काँक्रीट थांबवायचं, मग वर कोण का उभं असेना.

मनीमाऊ:
बाळ झोपलंय तोवर लिहून घेते. बाबा सळईकाम करायचे. मध्ये काही वर्षं शाळेची बस चालवली, आम्ही दोघी बहिणी त्याच बसमध्ये. गणितात मला वर्ग येईनात तर ते म्हणाले, सळईचं वजन काढ. व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरला किती किलो ते आलं. १२ मिमीची सळई म्हणजे १४४ भागिले १६२, ०.८९ किलो. पुस्तकात जे शिरलं नाही ते तिथे शिरलं. आज मी हिशेबनीस आहे ती त्या १६२ च्या जोरावर असं मला खरंच वाटतं.

बाबा परत साइटवर गेले तेव्हा आई खूप चिडली होती. गुडघे दुखायचे ना. पण बसवर असताना ते घरी गप्प असायचे आणि साइटवरून आले की बोलायचे. शेवटी आईच डबा लवकर भरायला लागली. उठला वाटतं. नंतर लिहिते

ओळंबा:
मनीमाऊ, बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि १६ मिमीला १.५८!

गच्चीवरचा:
+१ वायरमन. मध्ये दुकानात काउंटरवर उभा होतो, मालाची नावं पाठ झाली एवढाच फायदा. गवंडी मंडळी आमच्यावर का चिडतात ते आज सांगाच.

ओळंबा:
ताजा गिलावा फोडून चर मारल्यावर कोण चिडणार नाही दादा? गिलाव्याआधी या, चहा पाजतो :)

रानवारा:
अवांतर आहे, माफ करा. इतकी जाणती माणसं एका जागी सापडली म्हणून विचारतो. आमच्या बाथरूमच्या खालच्या छताला ओल आलीय. सगळ्या टाइल्स फोडाव्या लागतील का?

फरशीवाली:
रानवारा, लगेच फोडू नका. एक पूर्ण दिवस ते बाथरूम वापरू नका, नळाची लाइन मात्र चालू राहू द्या. तरी ओल वाढली तर पाण्याच्या पाइपवर संशय. वापरल्यावरच वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी वाहून जायचं तोंड) किंवा टाइल्सचे सांधे. आणि पुढे कधी नवं वॉटरप्रूफिंग केलंत तर टाइल्स लावायच्या आधी पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायला लावा. मिस्त्री कितीही घाईत असला तरी.

आता माझं. लग्नाआधी मामांबरोबर टाइल्स लावायचे. नंतर शिवणकामाच्या कारखान्यात गेले, बरीच वर्षं. तिथे कापड बेतताना नक्षी जुळवायची, तुकडा वाया घालवायचा नाही. परत फरशीकडे आल्यावर तेच करते. खोलीची मधली रेघ मारून टाइल्स आधी कोरड्याच मांडून बघते. दाराच्या तोंडाशी बोटभर पट्टी आली तर सगळी मांडणी सरकवायची. माल पसरल्यावर हे सुचून उपयोग नाही. पहिल्या दिवशी मुकादमाने घरमालकीण समजून खुर्ची दिली होती. मी त्या खुर्चीवर लेव्हल ठेवली आणि कामाला लागले.

निशा_के:
फरशीवाली ताई 🙏🙏

आमच्याकडची गोष्ट थोडी वेगळी. नवरा गिलाव्याचा कारागीर. हाताची कातडी फाटून रक्त यायचं, रात्री झोप नाही. डॉक्टर म्हणाले, ओलं सिमेंट मुळात तीव्र अल्कली, शिवाय त्यातल्या क्रोमियमची ॲलर्जी. काम सोडावंच लागलं. रोपवाटिकेत लागला. हात बरे झाले पण माणूस मिटून गेला. आता परत साइटवर आहे, देखरेखीला. मालाला हात लावत नाही. पोरं गिलावा ओढताना याचं मनगट खिशात वळतं, मी पाहिलंय डबा द्यायला गेले तेव्हा. आहे त्यात खूश आहे, मीही आहे. तुम्ही सगळे हातमोजे घाला हो, हात जोडून सांगते. आणि मोज्याच्या आत ओलं सिमेंट गेलं तर लगेच काढून हात धुवा. आत अडकलेलं सिमेंट जास्त भाजतं.

सुतारपक्षी:
निशाताई, वाचून गलबलून आलं. दादांना सांगा, देखरेखीला गिलावा कळणारा माणूस मिळणं हे साइटचं भाग्य.

खडीवाळू:
अगदी. मी अभियंता, साइटवरच असतो. फिरून आलेला कारागीर मी डोळे झाकून घेतो. त्याला काँक्रीटवर पाणी मारायची आठवण करावी लागत नाही. ताकद आम्ही २८ दिवसांची मोजतो, पण पहिल्या आठवड्यात पाणी कमी पडलं तर पुढे कितीही मारा, ते पुरतं भरून येत नाही. हे नव्या पोरांना मी कागद दाखवून सांगतो तेव्हा माना डोलावतात. असा एखादा काका संध्याकाळी स्वतः पाइप उचलतो तेव्हा त्यांना कळतं. त्याला वरचा मेहनताना द्यायला हवा, त्यासाठी मी दरवेळी भांडतो.

रानवारा:
ताई, कालपासून बाथरूम बंद ठेवलंय. लाइन चालू आहे, ओल वाढली नाही. म्हणजे ट्रॅप?

फरशीवाली:
ट्रॅप किंवा सांधे. आता ट्रॅपच्या तोंडाला बोळा लावा, वर थोडं पाणी साठवून ठेवा. ओल आली तर फरशीचे सांधे. नाही आली तर बोळा काढून पाणी सोडा आणि खाली बघा. फोटो टाका, दिवसाउजेडी काढलेला.