मदत हवी आहे : कमी उलाढालीच्या शेअरचा बीटा

एमएस्सी फायनान्सच्या प्रबंधासाठी एका स्मॉलकॅप कंपनीचं डीसीएफ मूल्यांकन (भविष्यातल्या रोख प्रवाहांची आजची किंमत काढून) चाललंय. निफ्टी ५०० टीआरआयशी (लाभांश धरून मोजलेला निर्देशांक) ५ वर्षांच्या दैनिक परताव्यांचं रिग्रेशन केलं तर बीटा (बाजार हलला की शेअर किती हलतो त्याचं माप) जेमतेम ०.४ येतो. कारण उघड आहे: रोज व्यवहार होत नाहीत, जुनाच भाव पुढे सरकतो, त्यामुळे निर्देशांकाशी नातं आहे त्यापेक्षा कमी दिसतं. मासिक परताव्यांवर ०.९, पण नोंदी ६०च. स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) भलताच मोठा. बोनस, स्प्लिट, लाभांश समायोजित आहेत.

आता डिमसन पद्धतीने निर्देशांकाचे एक-दोन लॅग (आदल्या दिवसांचे परतावे) घालून गुणांकांची बेरीज घ्यावी, की त्याच धंद्यातल्या चार-पाच कंपन्यांचे बीटा अनलिव्हर करून (म्हणजे कर्जाचा परिणाम काढून; कर २५.१७%) मध्यक काढावा? मला दुसरं पटतं. तसं केलं तर पुन्हा लिव्हर करताना कंपनीचं आजचं कर्ज-भांडवल गुणोत्तर घ्यायचं की लक्ष्य गुणोत्तर?