पडजीभ पडते का हो?

चाळकरीण, लालबाग
लेकाला चार दिवस पडसं झालंय. काल डॉक्टरांनी टॉर्च मारून घसा बघितला आणि म्हणाले, "पडजीभ सुजलीय, मिठाच्या गुळण्या करा." लेक पाचवीत, इंग्रजी शाळेत. चाळीचा जिना चढता चढता घाबऱ्या आवाजात विचारतो, "आई, माझी जीभ पडणार?" मला हसू आलं, पण उत्तर येईना. तेव्हापासून साहेब वहीत यादी करत बसलेत : पडसं, पडजीभ, पडसाद, पडछाया, पडदा, पडवळ आणि समोरच्या खोलीतले पडवळकाका. "पडवळ तर लोंबतं, पडतं कुठे?" म्हणे. या सगळ्यांचा 'पडणे'शी खरंच संबंध आहे का?

जुना प्रूफवाला
ताई, पडणं विसरा. हा 'पड' म्हणजे संस्कृतातला 'प्रति'. प्राकृतात त्यातला र गळाला, त ला ड झाला आणि राहिलं 'पडि'. जिभेच्या मागे लोंबणारी धाकटी जीभ ती प्रतिजिह्वा, म्हणजे पडजीभ. प्रतिशब्दाचा पडसाद, प्रतिच्छायेची पडछाया. पडसं म्हणजे वैद्यांचा प्रतिश्याय. आपला पाडवासुद्धा यातलाच, प्रतिपदेचा. (गिरगावात छापखान्यात होतो तेव्हा माझ्या हातून एका मथळ्यात 'पडसात' छापून गेलं होतं. अजून सलतं.)

पडदा मात्र फारसी 'पर्दा' आणि पडवळ संस्कृत 'पटोल'. एका चाळीत एकाच आडनावाची दोन बिऱ्हाडं असतात, नातं काही नसतं, तसं. काकांना यादीतून वगळा!

घाटकोपरचा भाडेकरू
हे 'पडि' मी रोज ऐकतो की! आमच्या मजल्यावरच्या जैन मासी पर्युषणात संध्याकाळी कटासणं (बसायचं लोकरी आसन) काखोटीला मारून निघतात. कुठे विचारलं की म्हणतात, "पडिक्कमणुं करवा." उपाश्रयाच्या, म्हणजे जैन साधू उतरतात त्या जागेच्या, फळ्यावर तेच 'प्रतिक्रमण' (झालेल्या चुकांची कबुली देण्याचा विधी) असं लिहिलेलं असतं. मला इतकी वर्षं वाटायचं, मासींचा उच्चार चुकतोय.

जुना प्रूफवाला
वा! मासींचा उच्चार चोख आहे, अर्धमागधीतून, म्हणजे जैन आगमांच्या प्राकृतातून आलेला. हिंदीतला 'पड़ोसी'ही असाच, प्रतिवेशीपासून.

चाळकरीण, लालबाग
म्हणजे काका यादीतून गेले तरी पडोसी म्हणून परत आले! मग पडीक, पडझड?

जुना प्रूफवाला
ते खरोखर पडलेले. त्यांना तिथेच राहू द्या.

चाळकरीण, लालबाग
लेकाला सगळं सांगितलं. बाकी काही कळलं की नाही देव जाणे, पण पडसाद कसा येतो ते बघायला तसाच बसक्या आवाजात जिन्यात जाऊन ओरडला, "पडवळकाकाऽऽ!" पडसादाआधी काकाच बाहेर आले, अर्धी दाढी फेसात, "काय रे, काय झालं?" करत.