२×१२ गिटार कॅब: एकाच स्विचवर ४ आणि १६ ओहम कसं करायचं?

गंगापूररोड_ट्वँग
नमस्कार मंडळी. १८ मिमी प्लायचा २×१२ कॅब (दोन १२ इंची स्पीकरचा खोका) सुताराकडून तयार होऊन आलाय. त्यात सेलेस्टियन व्हिंटेज ३० चे दोन स्पीकर बसवायचे आहेत, दोन्ही ८ ओहमचे. घरचा ॲम्प ५० वॅटचा ट्यूब, मागे ८ आणि १६ चे जॅक. कॉलेज रोडला सरावाच्या जागी ट्रान्झिस्टरचा ॲम्प आहे, तो ४ ओहमला पूर्ण ताकद देतो. म्हणून कॅबच्या मागच्या पट्टीवर स्विच हवाय. डीपीडीटी स्विचची (दोन जोडण्या एकदम बदलणारा) जोडणी नेमकी कशी करायची आणि स्विच किती अँपिअरचा घ्यायचा? यातून ८ ओहमही काढता येईल का?

सातपूर_सोल्डर
एका स्पीकरला अ म्हणू, दुसऱ्याला ब. जॅकच्या टिपची (टोकाचा संपर्क) तार थेट अ च्या प्लसला, स्लीव्हची (बाहेरचा संपर्क) थेट ब च्या मायनसला. या दोन तारा कायमच्या, स्विचमधून जात नाहीत.

आता सहा पायांचा डीपीडीटी, ऑन-ऑन (दोन्ही बाजूंना चालू, मध्ये बंद नाही) प्रकारचा. मधल्या डाव्या पायाला अ चा मायनस, मधल्या उजव्याला ब चा प्लस. वरचे दोन पाय तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा, ही झाली सिरीज (स्पीकर एकामागून एक), १६ ओहम. खालचा डावा पाय ब च्या मायनसला, खालचा उजवा अ च्या प्लसला, ही पॅरलल (दोन्ही शेजारी शेजारी), ४ ओहम. बहुतेक टॉगलमध्ये (दांडीच्या स्विचमध्ये) दांडी वर केली की खालचे पाय जोडले जातात, त्यामुळे लेबल लावायच्या आधी मीटरने खात्री करा.

५० वॅट ४ ओहमला गेले तर साधारण ३.५ अँपिअर वाहतात, १०० वॅटला ५. छोटे मिनी टॉगल बहुधा ३ अँपिअरचे असतात, ते नकोत. १० किंवा १५ अँपिअरचा मोठा घ्या. मध्ये ऑफ असलेला ऑन-ऑफ-ऑन चुकूनही घेऊ नका. तार १.५ स्क्वेअर मिमीची मल्टिस्ट्रँड, घराच्या वायरिंगला वापरतात तीच. गिटारची शील्ड असलेली केबल इथे चालत नाही.

दोन ८ ओहम एकत्र वाजवून ८ मिळत नाहीत. एकच स्पीकर जोडला तर मिळतात, पण मग सगळा भार एका ६० वॅटच्या स्पीकरवर. ५० वॅटच्या ट्यूब ॲम्पचा आवाज पूर्ण वाढवला की ५० च्या वर जातो, त्यामुळे हाताशी काही शिल्लक राहत नाही. हळू वाजवायला ठीक.

द्वारका_साउंड
जोडणी बरोबर आहे, पण ट्यूब ॲम्पसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. दांडी एका बाजूकडून दुसरीकडे जाताना मधल्या क्षणी अ चा मायनस आणि ब चा प्लस दोन्ही सुटे पडतात. म्हणजे ॲम्पवर लोडच (जोडलेला स्पीकर) नाही. वाजत असताना असं झालं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळी मारणारा व्होल्टेज ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पाडू शकतो किंवा वाइंडिंगचं इन्सुलेशन फोडतो. स्टँडबाय (ट्यूब गरम ठेवून आवाज थांबवणारा स्विच) पुरेसा समजू नका, ॲम्प बंद करूनच बदला. शिवाय जॅकच्या टिप आणि स्लीव्हमध्ये ४७० ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर कायमचा लावा. १६ ओहमला ५० वॅट म्हणजे सुमारे २८ व्होल्ट, रेझिस्टरमध्ये १.७ वॅट जातात, आवाजात फरक पडत नाही. तो क्षणाचा धक्का सौम्य करतो, त्याच्या भरवशावर मुद्दाम लोड काढू नका.

माझं मत विचाराल तर स्विचच नको. न्यूट्रिकचा चार टर्मिनलचा स्पीकॉन सॉकेट, एनएल४, बसवा. अ ला १+ आणि १−, ब ला २+ आणि २−. मग दोन केबल करा. सिरीजच्या केबलमध्ये टिप १+ ला, प्लगच्या आत १− आणि २+ जोडलेले, स्लीव्ह २− ला. पॅरललमध्ये १+ आणि २+ टिपला, १− आणि २− स्लीव्हला. तिसरी फक्त १+, १− ची केली की ८ ओहम. हलणारा संपर्क नाही, पावसाळ्यात काळं पडायला काही नाही. एनएल४ साउंडवाल्यांकडे सहज मिळतो. केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा आणि ओहम लिहा.

गंगापूररोड_ट्वँग
स्पीकॉनचं पटलं. पट्टी ॲल्युमिनियमची आहे, अंबडला कापून घेतली. तिच्यावर साध्या जॅकनेच दोन वेगळे स्पीकर बाहेर काढून नंतर जोडले तर?

सातपूर_सोल्डर
धातूच्या पट्टीवर साध्या जॅकचे स्लीव्ह एकमेकांना जोडले जातात. अ आणि ब चे मायनस पट्टीतून एक झाले की सिरीज करताच ब शॉर्ट होतो आणि ॲम्पला १६ ऐवजी ८ च दिसतात. प्लास्टिक बॉडीचे जॅक घ्या. स्पीकॉनला ही अडचण नाही.

ॲम्पला लावण्याआधी केबलच्या टोकाला मीटर लावा, प्रोबचा स्वतःचा रोध वजा करून. ८ ओहमचा एक स्पीकर डीसीला साधारण ६ ते ७ दाखवतो, म्हणून सिरीजला १२ ते १४, पॅरललला ३ ते ३.५ यायला हवेत. स्विच आणि तो ४७० चा रेझिस्टर वापरलात आणि पॅरललला थेट ४७० दिसले, तर खालच्या दोन तारा उलटल्या आहेत: दोन्ही स्पीकर स्वतःतच शॉर्ट आणि ॲम्पवर लोडच नाही.

फेज (दोन्ही कोन एकाच वेळी एकाच दिशेला हलतात का) तपासायला ९ व्होल्टची बॅटरी टिप-स्लीव्हला क्षणभर टेकवा. दोन्ही जोडण्यांत दोन्ही कोन एकाच दिशेला, बाहेर आले पाहिजेत. एक आत गेला तर त्याच्या तारा उलटा, नाहीतर बास नाहीसा होतो.

द्वारका_साउंड
आणि ४ ची केबल ट्यूबच्या १६ च्या जॅकला जाऊ देऊ नका. एका पायरीचा (जसा १६ ला ८) फरक बरेच ॲम्प निभावतात, चौपट नाही. पॉवर ट्यूब तापतात आणि आवाजही पडतो. घरी १६ चीच केबल ठेवा, ४ ची सरावाच्या बॅगेत.